यादी आणि घड्याळ



निमंत्रण देताना वाचनालयाच्या चिटणीसांनी मला दोन सूचना केल्या होत्या. पहिली अशी की विषय संगीताशी जवळचा असावा, कारण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि घरी पेटी. दुसरी अशी की साडेपाचला सुरू करून सहाला थांबावं, कारण माझ्यामागून गाणं आहे. पहिली सूचना मी लगेच मानली. दुसरीच्या बाबतीत आम्हा वक्त्यांचा लौकिक काय आहे ते तुम्ही जाणता. तरी आज ती पाळायचा माझा इरादा आहे.

डिसेंबर लागला. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची यादी वर्तमानपत्रात येऊन गेली आणि नेमानं येणारं भांडणही येऊन गेलं. परवा मिरजेच्या स्टेशनवर चहा पिताना दोन गृहस्थ बोलत होते. एक म्हणाला, "यंदा यादीत काही दम नाही." दुसरा म्हणाला, "गेल्या वर्षी तरी कुठं होता?" मग ठरलेली फेरी झाली. तीच ती नावं, रतीब घातल्यासारखी. ही नवी मुलगी कोण, कुणाची शिष्या? अमक्याला पाच वर्षं बोलावलं नाही, त्यामागं काय आहे ते आम्हाला विचारा. गाणाऱ्याच्या पोरानं गायलंच पाहिजे असा कायदा आहे का? आणि सतार पुरे झाली, गायन कुठं आहे? चहा संपेपर्यंत दोघांनी मिळून पाच दिवसांची नवी यादी तयार केली. त्यातले तीन कलावंत दिवंगत होते. हे लक्षात आल्यावर दोघंही थोडे वरमले. मी मात्र खूश झालो, कारण मला आजच्या व्याख्यानाची सुरुवात मिळाली.

या भांडणाला मी हसत नाही. मी स्वतः चाळीस वर्षं ते केलं आहे. आणि खरं पाहिलं तर ते त्या महोत्सवाच्या नावातच आहे. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर नाटक कंपनीत स्त्रीभूमिका करत आणि गात. त्या काळी महाराष्ट्रात गंधर्व म्हणजे बालगंधर्व. अमरावतीला रामभाऊंचं गाणं ऐकून दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटलं, अशी हकीकत सांगतात. सवाई म्हणजे सव्वापट. आता ही पदवी म्हणजे दुसरं काय आहे? कोण मोठा, कोण त्याहून मोठा, किती पटीनं मोठा, हा हिशोबच तो. अपूर्णांकात मांडलेला! मास्तर म्हणायचे, संगीतातली ही एकच पदवी अशी आहे की जिच्यावर पाढा म्हणता येतो.

रामभाऊ १२ सप्टेंबर १९५२ला वारले. दुसऱ्या वर्षापासून, १९५३ पासून, भीमसेन जोशी आणि इतर शिष्यांनी, स्नेह्यांनी पुण्यात त्यांची पुण्यतिथी सुरू केली. सवाई गंधर्वांचे जावई डॉक्टर नानासाहेब देशपांडे या उभारणीत होते, आणि आर्य संगीत प्रसारक मंडळ हे आयोजन आजवर करत आलं आहे. 'पुण्यतिथी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. जुने लोक अजूनही 'सवाईची पुण्यतिथी' म्हणतात, फेस्टिवल म्हणत नाहीत. पुण्यतिथीला यादी नसते, हजेरी असते. शिष्य येतात, गुरूपुढं बसून गातात. कुणी आलं नाही तर चौकशी होते, आजारी आहे का म्हणून.

हजेरी म्हणजे काय ते आपल्या भागातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. मिरज इथून अर्ध्या तासावर आहे. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब मिरासाहेबांच्या दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली गायचे, १९३७ला ते गेल्यावर त्याच आवारात त्यांची कबर झाली, आणि उरसात त्यांच्या नावानं गाणं-बजावणं होतं. तिथं कलावंत सेवा म्हणून गातात. मी अनेक उरूस ऐकले आहेत. 'यंदा उरसाची यादी हलकी आहे' असं कुणी म्हणताना ऐकलेलं नाही. चांगलं गायलं नाही असं म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, पण ते गाणं झाल्यावर.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. यादीवरचं भांडण गाण्याच्या आधी होतं.

पुण्यातली पुण्यतिथी मोठी होत गेली तशी तिची यादी झाली, आणि ती होणं अटळ होतं. तिकीट आलं की माणूस विचारतो, कशाचं तिकीट? शिष्यांची हजेरी सवाई गंधर्वांच्या किराणा घराण्यापुरती होती. ती तशीच राहिली असती तर तो एका घरचा श्राद्धविधी झाला असता. भीमसेनजींनी दारं उघडली. जयपूरचे आले, ग्वाल्हेरचे आले, मेवाती आले, सतार, सरोद, संतूर, बासरी, पुढं नृत्यही आलं. तरीही शेवटच्या रात्रीचं शेपूट पुष्कळ वर्षं घरचंच राहिलं: फिरोज दस्तूर, गंगूबाई हनगल, आणि पहाटे भीमसेनजी. मग सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची ध्वनिमुद्रिका लावायची. माणसं उभी राहून ऐकायची, डोळे पुसायची, आणि सतरंज्या गुंडाळून रिक्षा शोधायला निघायची.

मास्तर आम्हा सात-आठ पोरांना दरवर्षी रेल्वेनं पुण्याला न्यायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अकरावीत होतो. सामान ठरलेलं: एक सतरंजी, दोन घोंगड्या, माकडटोपी, दशम्या आणि चटणी. मैदानावर भारतीय बैठकीचं तिकीट काढायचं, तेच परवडायचं. रात्री नऊला सुरू झालेलं गाणं सकाळी सातला संपायचं, असं तीन रात्री. आम्ही पोरं अर्थातच झोपायचो. झोपण्याचीही एक पद्धत होती. शेजारच्या अनोळखी काकांना सांगून ठेवायचं, "अमके बसले की उठवा हं." म्हणजे पाहा, त्या वयातही आमच्या मनात यादी होती, आणि यादीतली निम्मी नावं आम्ही घोंगडीखाली काढत होतो.

मास्तर झोपायचे नाहीत. त्यांच्याजवळ हिशोबाची लांबट वही असायची, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यांच्या माघारी त्यांच्या मुलीनं त्यातल्या काही मला दिल्या, त्यातली एक मी आज आणली आहे. गणिताच्या मास्तरांची वही, म्हणून रकाने आखलेले. पहिला रकाना 'वाजता', दुसरा 'राग', तिसरा 'साथ', आणि अगदी उजवीकडे, कोपऱ्यात चेपलेला, 'नाव'. उदाहरणार्थ: ४.१० ते ५.२५, ललित. पुढं तबला, पेटी, आणि मग नाव. ते मी सांगत नाही. सांगितलं तर सहा इथंच वाजतील आणि मागच्या रांगेतले दोघं उद्यासुद्धा भांडत बसतील. काही ठिकाणी वेळेपुढं बारीक अक्षरात शेरा आहे. 'आवाज २० मिनिटांनी लागला.' 'मध्यमावर पाच मिनिटं, छान.' 'तबल्याला घाई.' एका पानावर नुसतं 'चहा बरा होता' असं आहे, तेव्हा त्या सव्वा तासाबद्दल त्यांचं मत काय होतं ते आपण ओळखावं.

लहानपणी मला हे रकाने उलटे वाटायचे. नाव आधी हवं ना? आता साठी उलटल्यावर वाटतं की मास्तरांनी ते बरोबर लावले होते, आणि यादीवरच्या आमच्या सगळ्या भांडणांत आम्ही शेवटच्या रकान्यावर भांडत राहिलो. पहिला रकाना आमच्या डोळ्यांदेखत कापला गेला, आणि त्यावर म्हणावा तसा आवाज झाला नाही.

काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. २००५च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ते कडक केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यातला एखादा दिवस महोत्सवाच्या वाट्याला येतो. या नियमाविरुद्ध मी बोलणार नाही. मैदानाभोवती माणसं राहतात, त्यांत आजारी असतात, परीक्षेची मुलं असतात, आणि ज्यांना दरबारी आवडत नाही अशी सज्जन माणसंही असतात. शिवाय आपल्या गणपतीतल्या आवाजाच्या भिंती ऐकल्यावर असा नियम नको म्हणायला तोंड उरलेलं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळलं एवढंच.

पण जळलं काय, ते नीट मोजायला हवं. महोत्सव आता पाच दिवसांचा आहे, दिवस वाढले आहेत, कलावंत वाढले आहेत. रमणबागेतली आधीची जागा अपुरी पडू लागली, २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. कोविडनं दोन वर्षं हुकली, म्हणून २०२४चा महोत्सव बहात्तरावा व्हायचा तो सत्तरावा झाला. बाहेरून पाहणाऱ्याला वाढच दिसेल. घड्याळातून पाहा. दुपारी तीन-चारला सुरू आणि दहाला बंद. या वेळात काय बसतं? भीमपलास, मुलतानी, मधुवंती, मग पूरिया, मारवा, श्री, पूरियाधनाश्री, मग यमन, शुद्ध कल्याण, केदार, हमीर, आणि धावत पळत बिहाग, बागेश्री. पुष्कळ आहे, गरिबी नाही. पण दरबारी, अडाणा, मालकंस या मध्यरात्रीच्या रागांना आता ती रात्र नाही. सोहनी, परज, ललित, आणि उजाडल्यावरचे तोडी, भैरव, ते तर सगळे गेले होते. रविवारी सकाळचं सत्र ठेवलं की तेवढ्यापुरते ते परत येतात, पाहुण्यासारखे. भातखंड्यांनी दिवस-रात्रीचे आठ प्रहर मांडले, त्यातले अडीच-पावणेतीन आपण नियमानं बाद केले. एखाद्या वर्षी समितीनं यादीतून निम्मे कलावंत वगळले असते तर पुण्यात मोर्चा निघाला असता. निम्मे राग गेले आणि आम्ही 'सतार पुरे' म्हणत राहिलो.

कुणी म्हणेल, संध्याकाळी सातला गायला मालकंस, तर काय आभाळ कोसळेल? कोसळणार नाही. गातातही काही जण. रागसमय हा संकेत आहे, निसर्गनियम नव्हे. कर्नाटक संगीतात मैफलीपुरता तो जवळजवळ पाळत नाहीत आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. पण आपल्याकडं हा संकेत गाणाऱ्याच्या गळ्यात आणि ऐकणाऱ्याच्या अंगात मुरलेला आहे. पहाटे चारला थंडीत, निम्मं मैदान पेंगलेलं असताना, ललितमधले दोन मध्यम एकापाठोपाठ एक ऐकू आले की घोंगडीतला अकरावीतला मुलगाही उठून बसतो. मी उठून बसलो होतो. मला कुणी उठवलं नव्हतं, आणि समोर बसलेले गवई माझ्या यादीत नव्हते.

कोलकात्याच्या डोव्हर लेनचं उदाहरण लोक देतात. ते संमेलन १९५२ पासूनचं, म्हणजे सवाईहून वर्षानं थोरलं, आणि जानेवारीत अजून रात्रभर चालतं, उजाडेपर्यंत. कारण ते नजरुल मंचात, बंद सभागृहात होतं. पुण्यानं तसं का करू नये? कारण पुण्याचे हजारो श्रोते मावतील असं बंद सभागृह नाही, आणि मावतील तेवढ्यांनाच घ्यायचं म्हटलं तर भारतीय बैठकीचा स्वस्त तिकीटवाला पहिला बाहेर पडेल. म्हणजे आमच्यासारखी दशम्या घेऊन आलेली आठ पोरं. हा पेच सोपा नाही. समितीला शिव्या देऊन तो सुटत नाही, आणि मला तो सुटला आहे असंही नाही.

आता पहिल्या रकान्यातली दुसरी गोष्ट. किती वाजता, हे झालं. किती वेळ?

किराणा घराण्याचा विलंबित ख्याल घ्या. एकतालाची मात्रा इतकी संथ की बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट घेतं. एखाद्याला तासभर दिला. त्यात तंबोरे पुन्हा जुळवणं, माइकवाल्याशी खुणा, 'मला बोलावल्याबद्दल' ही दोन वाक्यं, आणि शेवटी एक द्रुत, एक भजन किंवा नाट्यपद, कारण तेही लोकांना हवं असतं. विलंबिताला उरली पस्तीस मिनिटं. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस आवर्तनं. एवढ्यात मंद्रातून निघून, एकेका स्वरावर थांबत, तार षड्जाला पोचायचं. जमतं. पण रस्त्यात कुठं बसायला सवड नाही. मास्तरांच्या शेऱ्यातली 'मध्यमावर पाच मिनिटं' या हिशोबात कुठून काढायची?

आणि यातली सगळ्यात बोचरी गोष्ट अशी. ज्यांच्या नावानं हा महोत्सव आहे त्या सवाई गंधर्वांचा आवाज मुळात जड होता, तो लागायला वेळ घ्यायचा. मैफल सुरू होताना तो अडायचा, दाटायचा, आणि तापत तापत मोकळा झाला की मग गाणं असं फुलायचं की सुरुवातीची खटपट कुणाला आठवायची नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत म्हणूनच ते पुरते सापडत नाहीत. आता अशी कल्पना करा की कुंदगोळचा कुणी रामभाऊ यंदाच्या यादीत आहे, दुसऱ्या दिवशी, चार पंचवीस ते पाच पंधरा. आवाज लागला न लागला तोच विंगेतून हात हलेल. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या स्टेशनवर चहा पिणारा गृहस्थ म्हणेल, कोण हो ते, दमच नव्हता.

म्हणून सगळ्यांना तीन-तीन तास द्या, असं मी म्हणत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर एखादा अनवट राग वीस-पंचवीस मिनिटांत असा मांडून ठेवत की वर काही घालायला जागा राहत नसे. जयपूरची घडणच वेगळी, लय मुळात चढी, बंदिशीची आणि तालाची वीण घट्ट. मालिनीताई राजूरकर यायच्या, बसायच्या, सा लावायच्या आणि गायच्या. भाषण नाही, अभिनिवेश नाही. एक टप्पा म्हटला की पुण्याचं मैदान त्यांचं. त्यांना मिनिटं मोजावी लागली नाहीत. प्रत्येक गाण्याचं पोट वेगळं असतं. सगळ्यांना सारखं ताट वाढणं हा पंक्तीचा न्याय झाला, मैफलीचा नव्हे. पण यादी पंक्तीसारखीच आखावी लागते, कारण मानापमान आहेत. याला पन्नास मिनिटं, त्याला नव्वद, असं छापील पत्रिकेत दिसलं की फोन सुरू होतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका गावच्या संगीत महोत्सवाच्या निवड समितीवर मी तीन वर्षं होतो. गावाचं नाव विचारू नका, तिथं माझी सासुरवाडी आहे. पहिल्या बैठकीत कोषाध्यक्षांनी सांगितलं की एक 'नाव' हवंच, त्याशिवाय देणगीदार हलत नाहीत. ते खरंही होतं. नाव ठरलं, आणि एकूण मानधनातला दोन तृतीयांश भाग एका ओळीत संपला. उरलेल्यात चार तरुण कलावंत बसवायचे होते. त्यातल्या दोघांना आम्ही 'मोठ्या व्यासपीठावर संधी' या मोबदल्यात गायला लावलं. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही, आज वाटतं. मग पत्रिकेवर फोटो केवढा, यावर सव्वा तास बैठक चालली. नावापुढं 'पंडित' लावायचं की नाही, यावर आणखी अर्धा तास. हा शब्द आता इतका सैल झाला आहे की न लावणं हाच अपमान ठरतो. कोणता राग, किती वेळ, कुणामागून कोण, यावर तीन वर्षांत मिळून किती चर्चा झाली असेल? दहा मिनिटं म्हटलं तर ती उदारता होईल.

महोत्सवाच्या दिवशी उद्घाटनाला पाच भाषणं झाली. शाल, श्रीफळ, स्मरणिकेचं प्रकाशन. पहिल्याच कलावंताचा वेळ निम्मा झाला. ती नाशिकहून आलेली तरुण गायिका होती, बिनमानधनाच्या दोघांपैकी एक. तिनं पूरिया सुरू केला, अंधार पडता पडता. पंचम नसलेला राग, षड्जही पुष्कळ वेळ टाळायचा, ऐकणाऱ्याला अधांतरी ठेवायचा. आणि समोर लोक पावभाजीच्या रांगेत, कारण 'नाव' नऊला होतं. तेविसाव्या मिनिटाला तिला चिठ्ठी गेली. चिठ्ठी मी लिहिली होती. नऊला 'नाव' आलं, घड्याळ काढून समोर ठेवलं, पन्नास मिनिटं गायलं, चोख गायलं, आणि रात्रीच्या गाडीनं गेलं. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, यंदा यादी जोरात होती.

गुणवत्ता ठरवायचा सरळ मार्ग नाही का? आहे, आणि तो एकदा सरकारनं वापरूनही पाहिला आहे. १९५२ला बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आपले पुण्याचेच. त्यांनी आकाशवाणीवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या चाचण्या सुरू केल्या. आचार्य रातंजनकरांसारखे विद्वान परीक्षक. कलावंतांच्या प्रती लागल्या: टॉप, ए, बी हाय, बी. हेतू चांगला होता. संस्थानं बुडाली होती, गवयाला आश्रय हवा होता, आणि वशिल्याला आळा घालायचा होता. तरीही केवढा गहजब झाला! ज्यांनी आयुष्य गाण्यात घातलं त्यांना समितीपुढं परीक्षा द्यायला लावली, म्हणून कलावंत संतापले. पुढं त्या प्रती सगळ्यांच्या अंगवळणी पडल्या, आजही परिचयात लोक अभिमानानं सांगतात. पण एक पाहा. त्याच वर्षी आकाशवाणीनं शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यात एका कलावंताला दीड तास दिला. प्रती विसरल्या जातील, ती दीड तासाची ध्वनिमुद्रणं लोक आजही शोधून ऐकतात.

मद्रासचा मार्ग तिसरा. तिथली म्युझिक अकादमी १९२८ पासूनची, डिसेंबरचा हंगाम तिच्याभोवती वाढला. तिथं शिडी उघड आहे. दुपारी तरुण मुलं, बहुतेक वेळा विनातिकीट. मग त्याहून थोडे पुढचे, आणि संध्याकाळची मुख्य वेळ ज्येष्ठांची. कोण कोणत्या पायरीवर आहे हे सगळ्या शहराला ठाऊक असतं आणि त्यावर तिथंही रक्त आटवतात. मला त्या शिडीतला एक गुण मात्र घ्यावासा वाटतो: दुपारी दोनला गाणाऱ्या पोराची कच्चेरी ऐकायला जाणारी म्हातारी माणसं तिथं आहेत. ती नाव ऐकायला जात नाहीत, नाव व्हायच्या आधी ऐकायला जातात. ऐकून झाल्यावर उपाहारगृहात डोसा खाता खाता त्या पोराचं असं काही विच्छेदन करतात की त्यानं ऐकलं तर गाणं सोडून द्यावं. पण त्यांनी ऐकलेलं असतं, आणि पूर्ण ऐकलेलं असतं.

आपण? सवाईच्या मैदानावर दुपारी साडेतीनला जाऊन पाहा. नंतर आठला पाहा. माणसं तीच, तिकीटही तेच, पाच दिवसांचं एकरकमी. साडेतीनला मागच्या बाजूला झुणका-भाकरीच्या गाळ्यांपुढं जास्त दाटी असते. मीही तिथं उभा राहिलो आहे, झुणका उत्तम असतो. पण मग 'नवी नावं कुठं आहेत' हे मला विचारता येत नाही. ती मघाशी गाऊन गेली.

माझं ऐकाल तर संध्याकाळी पाचाऐवजी तीन कलावंत ठेवा. दोन नावं गाळा आणि त्यांचा वेळ उरलेल्या तिघांत त्यांच्या गाण्याप्रमाणं वाटा. मला ठाऊक आहे, या सूचनेत एक भोक आहे. गाळायची वेळ आली की गळणार तरुणच. म्हणून त्या तिघांतला पहिला तिशीच्या आतला असला पाहिजे आणि त्यालाही पुरा दीड तास मिळाला पाहिजे, अशी अट घालावी लागेल. मग तिकिटं खपतील का? कोषाध्यक्ष नाही म्हणतील. कदाचित बरोबरही असतील. सत्कार आणि प्रकाशनं मात्र आजच बंद करता येतील. त्याला न्यायालयाची परवानगी लागत नाही, आणि एका संध्याकाळी अर्धा तास मोकळा होतो, म्हणजे तीस-चाळीस आवर्तनं.

मास्तरांची वही बंद करण्याआधी त्यांची एक खोड सांगतो. परतीच्या गाडीत आम्ही पोरं यादी लावायचो: पहिला कोण, दुसरा कोण. मास्तरांना विचारलं की ते वही उघडायचे आणि विचारायचे, "दोन वाजता काय चाललं होतं?" आम्ही गप्प. "पावणेचारला?" गप्प. "मग तुम्ही झोपेवर मतदान घेताय." आणि खिडकीबाहेर पाहत बसायचे. नीरा आलं की चहा पाजायचे.

सहाला दोन मिनिटं कमी आहेत. विंगेत तंबोरे मिळवून ठेवलेले मला ऐकू येतात. आज गाणारी मुलगी बावीस वर्षांची आहे, इचलकरंजीहून आली आहे, आणि पत्रिकेत तिचं नाव माझ्या नावाखाली, माझ्या निम्म्या टाइपात छापलं आहे. काय गाणार म्हणून मी मघाशी विचारलं. म्हणाली, "मारवा, काका, पण तुमचं वेळेत संपलं तर. नाहीतर यमन." मागची खिडकी उघडी आहे, तिच्यातून पाहा. सूर्य टेकला आहे. आभाराचं भाषण आज गाण्यानंतर घ्यावं अशी अध्यक्षांना विनंती करतो, आणि ही खुर्ची आणि टेबल उचलायला दोघांनी पुढं यावं.